कासारखिंडीत धरलेला उजेड

ऐका. ती लाकडे जरा आत सारा, आणि हातातले पाने-पक्कड खाली ठेवा. उद्या तुम्ही तुमच्या जुन्या जिपा कासारखिंडीने वर चढवणार, असे माझ्या कानावर आले आहे. या घाटातल्या गोष्टी गोळा करण्यात माझे केस पिकले. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी इथे शेकोटी पेटवतो, दर हिवाळ्यात मी सांगतो. माणसे माना डोलावतात आणि सकाळी त्याच वाटेला लागतात. वैताग येतो, बाबांनो! तरीही सांगतो.

आजऱ्याकडचा दौलत गावडे आणि त्याची बायको सुलभा. दोघे खाली कोकणात तिच्या मावशीकडे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वर घाटमाथ्यावर तिच्या भावाची हळद. सुलभा करवली. दुपारीच निघायचे ठरले होते. पण जीप! भंगारात निघालेली जुनी जीप दौलतने विकत घेतली होती आणि सगळी स्वतःच्या हाताने उभी केली होती. स्प्रिंगचे पाटे बदलले, गाडी वीतभर उंच केली. एक दुरुस्त करावे तर दुसरे बिघडे. त्या दिवशी डिझेलच्या नळीने हवा धरली. नळी सोड, हवा काढ, स्टार्टर मार. पुन्हा बंद. पुन्हा सोड.

"तुमच्या जिपेला, माझ्या ह्या सवतीला म्हणावं, परक्याची हळद न्हाई, माझ्या भावाची हाय," सुलभा म्हणाली. "जरा माणुसकी दाखीव."

"गप बस की जरा! नळीत हवा हाय, माझ्या डोक्यात न्हाई."

"ते बी बघून घ्या एकदा."

तिथून दोघांचा अबोला. गाडी सुरू झाली तेव्हा अंधार पडला होता. मोठ्या घाटात दरड कोसळलेली. मग उरली कोणती वाट? कासारखिंडीची.

आता गाडीची एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्हाला ठाऊक आहे, पण शेजारी गावातली पोरेबाळे बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. चारही चाकांनी ओढायचे असेल, तर दौलतच्या जिपेत खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागत. एक जरी सुटी राहिली, तरी पुढची चाके ओढत नाहीत. मूळ गाडीत असे नव्हते. डिझेल वाचावे, स्टिअरिंग हलके राहावे, म्हणून ती सुधारणा त्याने हौसेने केलेली.

चढ लागला. तो उतरला, दोन्ही चकत्या फिरवल्या, आत बसला. गाडी थोडी वर गेली आणि मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. पुढची? थंड! उतरून पाहतो, तर डावी चकती सुटी. फिरवली. चार हात वर. पुन्हा तेच. या खेपेला उजवी. फिरवली. पुन्हा डावी! आणि दर खेपेला दिव्यात तेच करवंदीचे जाळे, तोच दुभंगलेला खडक. चाके माती उकरीत होती, पण वाट सरत नव्हती.

इथे क्षणभर थांबा. आपल्याकडचे भूत पहिल्या झटक्यात अंगावर येत नाही. आधी ते माणसाचे काम अडवते. माणूस चिडतो. चिडलेला माणूस रीत विसरतो. भुताला तेवढेच हवे असते. आणि या खिंडीची रीत काय? अंधारात कुणालाही नाव घेतल्यावाचून हाक मारायची नाही. बिननावाची हाक ज्याला हवी त्याला उचलता येते.

पण नवरा बायकोला नावाने हाक मारतो का? तोही भांडण झालेले असताना?

दौलत डाव्या चाकापाशी वाकलेला. बोटे सोललेली. चकती हलेना. तो ओरडला, "अगं ए! नुसती बसलीस काय? उजेड धर की!"

लगेच उजेड आला. अगदी खांद्यामागून. पांढरा, स्थिर.

"खाली धर. हां. जरा डावीकडं."

उजेड डावीकडे सरकला. काकणे वाजली. चकती फिरली, आणि इतक्या वेळाने दौलतला बरे वाटले. "आता कसं! आधीच उतरली असतीस तर?"

तेवढ्यात गाडीच्या आतून आवाज आला.

"अवो, कुणाशी बोलताय?"

दौलतने चकतीवरून हात काढला.

"बॅटरी तर माझ्या मांडीवर हाय," सुलभा आतून म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. ती सद्बुद्धी त्याला झाली. उजेडात फक्त हात दिसत होता. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा. पूर्वी या खिंडीत बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन एक कासारीण जात असे. तिचे काय झाले, हे कुणी धड सांगत नाही. ते मी विचारणेही सोडले आहे.

मग उजेड उठला आणि सुलभाच्या दाराकडे चालू लागला. आणि अंधारातून दौलतच्याच आवाजात कुणी म्हणाले, "उतर खाली. चाक फिरलं. जरा उजेड धरायला ये."

दौलत ओरडायला गेला. घशातून आवाज फुटेना! दाराची कडी वाजली. सुलभाचा एक पाय बाहेर आला. जमिनीला टेकायला बोटभर अंतर.

पण ती थबकली. दिवसभर जो आपल्याशी धड एक शब्द बोलला नाही, त्याचा आवाज एकाएकी इतका मऊ कसा? त्यात वैताग कसा नाही? तिने पाय आत ओढला. आणि लग्न झाल्यापासून उखाण्याखेरीज जे नाव तिच्या ओठी आले नव्हते, ते तिने खिंड दणाणेल असे उच्चारले.

"दौलत! दौलत गावडे!"

"ओ!" चाकापासून कसाबसा हुंकार आला. दारापाशी मात्र सगळे चिडीचूप. दुसऱ्याच्या नावाला त्या कासारणीला ओ देता येत नाही. उजेड विझला.

दौलत रांगत आत शिरला. वर चढणे शक्य नव्हते. उजवी चकती पुन्हा सुटली असणार, आणि उतरणार कोण? त्याने रिव्हर्स टाकला. अशा वेळी मागे वळून पाहायचे नसते, म्हणून स्टिअरिंग सैल सोडले आणि लाकडाच्या ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोरीवर गाडी सोपवली. गाडी आदळत खाली निघाली. बाजूने काकणे पळत होती! कधी त्याच्या दाराशी, कधी तिच्या. आणि ती दोघे एकमेकांना नावाने हाका मारीत होती. "सुलभा!" "दौलत!" "सुलभा!" पायथ्याच्या ओढ्याच्या पाण्यात मागची चाके उतरली, तेव्हा काकणांचा आवाज काठावरच राहिला.

हळद करवलीवाचून लागली. भाऊ वर्षभर बोलला नाही. दौलतने चकत्या उघडून पाहिल्या: स्प्रिंग चांगली, दाते चांगले, ग्रीस ताजे. कारण सापडले असते तर मला अधिक आवडले असते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

म्हणून त्या वाटेने जाऊ नका. माझे ऐकणार नाही, हे तुमच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. मग गेलातच तर गाडीतून उतरू नका. उतरलातच तर शेजारच्याला नावाने हाक मारा आणि ओ येईपर्यंत थांबा. आणि ओ येण्याआधीच कुणी उजेड धरला, तर कितीही अडलेले असाल, त्या उजेडात काम करू नका.