वगळलेल्याच्या घरचा चहा

मी कोल्हापूरची, पेठेतली, हे आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. आमच्याकडे कुस्तीच्या तालमी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि मॅच असली की अख्खी पेठ मैदानावर असते, बायकासुद्धा, हे बाहेरच्यांना मुद्दाम सांगावं लागतं. माझे वडील, आबा, दिवसा फाउंड्रीत मोल्डर होते आणि संध्याकाळी आमच्या तालमीचा संघ बघायचे. संघ बघायचे म्हणजे शिकवायचे, ओरडायचे, बूट शिवून आणायचे, आणि मोसमाच्या सुरुवातीला कोण खेळणार ते ठरवायचे. पगार नाही, काही नाही, उलट पोरांना खायला घरचा गूळ जायचा.

निवडीच्या दिवशी आबा तालमीच्या दारात उभे राहून नावं वाचायचे, आणि काय सांगू तुम्हाला, शेवटचं नाव तोंडातून बाहेर पडायच्या आत समोरच्या कट्ट्यावर निकाल सुरू. ह्याला कशाला घेतला, ह्याला वारा लागला तरी पडतोय, आणि तो काय, तो तर मामाच्या वशिल्यानं आलाय, आणि आबांचं आता वय झालं, त्यांना लांबचं दिसत नाही. अजून कुणी चेंडूला पाय लावलेला नसायचा आणि कट्टा पास-नापास करून मोकळा. आबा नावांचा कागद घडी करून खिशात घालायचे. सायकलीला टांग मारायचे आणि निघायचे.

कुठं जायचे, तर ज्या पोरांना घेतलं नाही त्यांच्या घरी. आमच्या तालमीचा तो नियमच होता, आबांच्या आधीच्या वस्तादांनी घातलेला. घेतलेल्यांना हार दुसऱ्या दिवशी, आज आधी वगळलेल्यांचं दार. दारात चपला काढायच्या, पोराच्या आईला विचारायचं, येऊ का, आत जाऊन बसायचं आणि चहा द्याल तो पूर्ण प्यायचा, अर्धा कप ठेवून उठायचं नाही. शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. मग पोराला त्याचं काय कच्चं आहे ते सांगायचं आणि विचारायचं, उद्या सहाला येतोस न्हवं? एवढंच. सात-आठ घरं व्हायची, तेवढे चहा, रात्री आईनं ताक घुसळून ठेवलेलं असायचं, कारण पोटात आग पडायची त्यांच्या.

मी अकरावीत असताना दादाला वगळलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विजय, त्या वर्षी त्याचं नाव येणार हे पेठेत सगळ्यांनी धरलेलं. नाव आलं नाही. तो घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. आई चुलीपुढं भाकरी थापत बसली. आणि बऱ्याच वेळानं दार वाजलं. उघडंच होतं दार, तरी वाजलं. बघितलं तर आबा उंबऱ्याबाहेर, चपला काढून, टोपी हातात. म्हणाले, विजयच्या आई, येऊ का?

आई आधी हसलीच. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर सावरला, या म्हणाली, सतरंजी टाकली, तांब्याभर पाणी दिलं. स्वतःच्या नवऱ्याला. आबा परक्या घरात बसावं तसं कडेला बसले. आईनं केलेला चहा सगळा प्याले. दादा उठून बसला, पण बघेना. आबा म्हणाले, डावा पाय अजून कच्चा हाय तुझा, वर्षभर धरून काम करू, उद्या सहाला येतोस न्हवं? आबा उठले, नमस्कार केला, बाहेर गेले, चपला घातल्या. पुन्हा काढल्या, आत आले आणि आईला म्हणाले, जेवायला काय केलंयस.

मी तेव्हा दारामागं उभी होते. आता पन्नाशी जवळ आली, पण अजून तो प्रसंग विसरले नाही.

असो. मी बीकॉम झाले, लग्न झालं, नवऱ्याची, मिलिंदची, नोकरी इकडं अ‍ॅमस्टरडॅमला लागली, झुइडास भागातल्या एका बँकेत, आणि मी त्याच्या व्हिसावर मागून आले. जवळच हार्लेम म्हणून गाव आहे, तिथं घर घेतलं. दहा वर्षं मी घर, लेक इरा आणि याद्या एवढंच केलं. याद्यांवरून मला घरात सगळे हसतात, हसू देत. फ्रीजरच्या कुठल्या खणात काय आहे त्याची यादी, सायकलींच्या किल्ल्यांची यादी, सुपरमार्केटची यादी तर दुकानातल्या फळ्या ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं. इरा डचमध्ये म्हणते, मम, तू देवालापण यादी देशील. देईन की. त्याचं काम सोपं होईल.

मग मला अ‍ॅमस्टरडॅमच्याच स्लोटरडाइक भागात नोकरी लागली आणि ती लागली फुटबॉलमध्ये. आबा असते तर पेढे वाटले असते. पण पहिल्या दिवशी पडद्यावर बघते तर माणसं चेंडू हातात धरून पळतायत आणि एकमेकांवर पडतायत. अमेरिकेचा फुटबॉल हो. आमचं ऑफिस छोटं, त्या खेळाचे व्हिडिओ बघून कोण कुठं उभा होता, कुणी कुणाला अडवलं, ते सगळं टिपायचं आणि युरोपातल्या वाचकांसाठी साइटवर लिहायचं. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, हातात धरायचा तर मग फुटबॉल कशाला म्हणायचं, हातबॉल म्हणा. पण मी शिकले. टिपणं माझ्या रक्तातच आहे, आणि सहा महिन्यांत मला तो खेळ आवडायला लागला.

आमची मुख्य मारिके, डच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, उंच आणि सरळ. सरळ म्हणजे किती, तर मी पहिल्यांदा ऑफिसात पोहे नेले तेव्हा म्हणाली, चव छान आहे, पण मला पुन्हा नको. माझा करार वर्षाचा, जूनअखेर संपणारा. तो पुढं चालू राहणार का, हे एकच माझ्या डोक्यात, कारण दहा वर्षांनी माझ्या नावाचा पगार होता आणि सकाळी कुठंतरी जायचं होतं. आणि मार्चमध्ये कोरोना आला, सगळं बंद, आणि मी जेवायच्या टेबलावर बसून काम करायला लागले.

तिकडं अमेरिकेत दर एप्रिलला व्यावसायिक संघ कॉलेजातली नवी पोरं निवडतात, पाळीपाळीनं, तीन दिवस चालतं. एरवी मोठा मंडप, दिवे, हजारो माणसं. त्या वर्षी सगळे घरात अडकलेले, म्हणून ज्यांची निवड व्हायची शक्यता त्या पोरांच्या घरीच कॅमेरे पाठवले. इकडं तेव्हा रात्र, म्हणून मी सकाळी उठून चहा घेऊन रेकॉर्डिंग बघायची. मला एक संघ दिलेला. तिसऱ्या दिवशी निवड संपली की त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्या संघाच्या प्रत्येक निवडीला मार्क द्यायचे, ए, बी, सी, डी. म्हणजे आमचा कट्टाच की.

पण काय बघितलं मी, कसं सांगू. मोसमभर कॉलेजच्या मॅचमधून ज्या पोरांना मी आकडे म्हणून टिपत होते, त्यांची घरं दिसली. कोपऱ्यातला सोफा, भिंतीवर लहानपणचे फोटो, नव्या कपड्यात बसलेल्या मावश्या. नाव पुकारलं की सव्वाशे किलोचा पोरगा आईच्या मांडीत डोकं खुपसायचा. मी चहा प्यायची विसरले. एवढं सगळं एका नावावर टांगलेलं असतं, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

आणि एक पोरगा होता, निळ्या कोटातला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा दोनदा त्याच्या घरी गेला, कारण त्याचं नाव येणार असं सगळे धरून होते. शेजारी त्याची आजी, मागं टेबलावर झाकलेलं जेवण. तिसऱ्या दिवशी तोच कोट, तीच माणसं. नावं संपत आली, संपली. शेवटचं जे दिसलं त्यात आजी उठली, झाकणं काढली आणि ताटं वाढायला लागली, आणि तो पोरगा उठून सगळ्यांना ताटं नेऊन द्यायला लागला. सगळ्यांना दिली, मग स्वतः घेतलं. मी टेबलापाशी थक्क होऊन बसले. इरा मागं उभी होती, आबांची गोष्ट तिनं माझ्याकडून ऐकलेली, ती पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, आई, त्याच्याकडे आता कोण जाणार?

मी दादाला फोन लावला. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, आबा त्या दिवशी दारात आले तेव्हा तुला काय वाटलं रे. दादा म्हणाला, आधी राग आला. मग वाटलं, ह्यांना स्वतःच्या घरात यायला माझ्यापायी परवानगी मागावी लागली. मी कुणीतरी असल्याशिवाय लागली का?

दादा दुसऱ्या दिवशी सहाला गेला होता. संघात त्याचं नाव कधीच आलं नाही, डावा पाय शेवटपर्यंत कच्चाच. पण आज तालमीतल्या बारक्या पोरांना तोच शिकवतो.

मी मार्क दिले. काम ते काम, बाराच्या आत दिले, कारणांसकट, एकूण बी. पण खाली एक परिच्छेद घातला. निळ्या कोटातल्या पोराचं काय कच्चं वाटतं ते लिहिलं, काय पक्कं आहे तेही, आणि आमच्या तालमीचा नियम लिहिला, दार, चहा, उद्या सहाला. आणि शेवटी, या पोराला आज कुणीतरी फोन करावा. मारिकेनं तो परिच्छेद काढून टाकला. फोन करून सांगितलं, चांगला आहे, पण वाचक निवडलेल्यांबद्दल वाचायला येतात. मी बरं म्हटलं. त्या पोराला एका संघानं सरावाला बोलावल्याचं नंतर वाचलं, पुढं मोसमात नाव दिसलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही, आणि मग दिसली, फाटकाच्या बाहेर, कोरोनाच्या नियमातल्या दीड मीटरहून लांब, मारिके. सायकल धरून. अ‍ॅमस्टरडॅमहून उलट्या वाऱ्यात सायकल चालवत आलेली, चेहरा लालबुंद. इथं अशी बातमी पत्रानं येते, फार तर व्हिडिओ कॉलवर. मला कळलंच, ही कशाला आली ते. ती म्हणाली, शुभांगी, येऊ का?

आत येता येत नव्हतं, पण आमच्या दारात बाकडं आहे. मी तिला तिथं बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसले, आणि आल्याचा साखर घातलेला चहा दिला, जो तिला आवडत नाही हे तिनं मला पूर्वीच सांगितलं होतं. मॅचेस बंद, जाहिराती बंद, करार पुढं नाही म्हणाली. तुझं लिहिणं नीट आहे, पण घाबरत लिहितेस, स्वतःचं मत शेवटच्या ओळीत लपवतेस, ते आधी यायला पाहिजे. मी ऐकून घेतलं. डोळे भरले ते पुसले. तिनं कप तळापर्यंत रिकामा केला, आल्याचा चोथा राहिला तेवढाच. मग म्हणाली, खेळ सुरू झाला की मी सोमवारी सकाळी सगळ्यांशी व्हिडिओवर बोलेन, पैसे देता येतील की नाही माहीत नाही, पण येशील ना?

मिलिंद म्हणाला, फुकट कशाला जायचं. मी गेले. वर्षानं तिथंच पुन्हा करार झाला, अजून आहे. माझ्या लिखाणाखाली आता वगळलेल्यांचा एक परिच्छेद असतो, कधी राहतो, कधी मारिके काढते, आमचं त्यावरून वाजतं.

त्या दिवशी ती गेली ते मी फाटकाशी उभी राहून बघत होते. वाऱ्याला पाठ देऊन, झरझर, वळणावर एक हात वर केला तिनं. पेठेतल्या कुठल्या वस्तादानं घातलेला नियम, तो कुणाच्या सायकलीवर बसून कुठं आला बघा. तो कप मी नुसता पाण्यानं विसळला आणि वेगळा ठेवला. यादीत लिहिला नाही. तेवढं माझ्या लक्षात राहतं.