एवढीशी गोळी

प्रसूतिगृहाच्या बाकावर शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत होत्या. तपासणीच्या खोलीतून दोघी बहिणी बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी टेकल्या. धाकटीला तिसरा महिना होता.

“ताई, तू दारातच थांबलीस, म्हणून नीट ऐकू आलं नसेल तुला.”

“नाही आलं. काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

“रक्ताची ती नवी तपासणी केली ना, त्यात आलंय. पुढे बीपी चढायची भीती आहे.”

“अगं बाई! मग?”

“आतापासून रोज ही गोळी घ्यायची. संशोधनात आढळलंय म्हणे, वेळेत सुरू केली तर पुष्कळजणींचं निभावतं.”

“बघू. एवढीशीच?”

“एवढीशीच.”

शिंपीणबाईंनी न राहवून तिकडे पाहिलं. थोरली ती गोळी तळहातावर घेऊन बसली होती.

“घरात कुणाला असा त्रास झाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी तुझं सांगितलं. चाललं ना?”

“सांगायलाच हवं. बाळ गेल्याचंही सांगितलंस?”

“हो.”

“मुलगी होती, हे?”

“ते त्यांनी विचारलं नाही गं.”

“नसतील विचारत.”

“ताई, तुला तेव्हा कुणी काहीच दिलं नव्हतं?”

“तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पाय सुजले, तर मीठ सोडा म्हणाले.”

“मग?”

“सोडलं की. कणभरसुद्धा खाल्लं नाही. शेवटपर्यंत अळणी जेवले मी.”