पुण्याहून दिसणारा पंखा

नाही नाही, अनुजभाऊ, रंगाचं काही नाही हो माझं — पांढरा द्या, सागवानी द्या, छताला तर टांगायचा आहे, मला काय लुगडं घ्यायचंय त्याचं? पंख्यातला दिवाही छानच आहे. पिवळा होतो, पांढरा होतो, दोन्ही मिळून होतो — पाहिलं मी, तीनदा दाखवलंत तुम्ही. मोबाइलवर चालतो तेही पाहिलं. खोलीचं नाव लिहायचं असतं म्हणालात, आणि लगेच बोटानं ‘आईची खोली’ लिहूनही टाकलंत. हौशी आहात. पण माझं विचारणं वेगळंच आहे. हा पंखा पुण्याला दिसतो ना? म्हणजे आमच्या कुंदनला, त्याच्या मोबाइलवर? चालू आहे का बंद आहे, ते? आणि मागचंही दिसतं? काल किती वाजता लावला, परवा किती तास चालला — बठ्ठं, सगळंच? बरं. बसते मी जरा. नाही, पाणी नको. — द्या, थोडं द्या.

त्यानंच निवडलाय, माहीत आहे मला. तुम्हाला फोटो पाठवलाय, पैसे पाठवलेत, आणि दीड वाजता फोन करून पक्कं करणार आहे — म्हणून तर मी त्याच्या फोनच्या आधी आले, या असल्या उन्हात. तुम्ही एवढंच सांगा त्याला — तो पंखा संपला. कंपनीकडूनच येत नाही सध्या. आणि मला तो तिकडचा द्या, साधा, रिमोटचा. दिवा आहे ना त्यालाही? मग झालं तर. खोटं? अहो, एवढ्याशा गोष्टीला काय खोटं म्हणायचं! तुमच्या आजोबांनी, अमृतलाल शेठनी, आमच्या ह्यांना पंखा दिला होता, हे वरणगावच्या फॅक्टरीत होते तेव्हा. एकतीस वर्षं फिरला तो. त्याला दोनच गोष्टी यायच्या, फिरायचं आणि थांबायचं. घरातलं बाहेर सांगायचा नाही कधी.

आणि पोरगा वाईट नाही हो, तसं समजू नका. गेल्या मेमध्ये मला ऊन लागलं, भाजीची पिशवी घेऊन फाटकातच पडले, शेजारच्या लताबाईनं उचललं. तेव्हापासून तिकडे त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. आई, बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही. आई, कूलरमध्ये बादल्या ओतायच्या नाहीत, मी पंखा पाठवतो. एकच एक मुलगा, त्याला काळजी नाही वाटणार? पण मला सांगा, पंचेचाळीस डिग्रीत जळगावात पंखा बंद करून घरात कोण बसतं? कोणीच नाही. तेच तर म्हणते मी! दोन वाजता बंद दिसला, की तो लताबाईला फोन लावणार, लताबाई धावत येणार, आणि दाराला कुलूप. कुठे असते मी? — भजनाला. मंडळ आहे आमचं. असं काय बघता? दुपारी दोनला भजन, तेही मे महिन्यात — हो, कळतंय मला कसं वाटतं ते ऐकायला.

पिंप्राळ्याला जाते. रोज. ओळखीची एक बाळंतीण आहे, चार महिन्यांची पोर आहे तिला. मी पोर धरते तोवर ती दोन घास खाते, मग तासभर तिचा डोळा लागतो. पुढच्या खोलीत नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागं पत्र्याची खोली, तिथं बसते मी पोर मांडीवर घेऊन. टेबल फॅन आहे, पण तो गरम वाराच अंगावर फेकतो. पोरीच्या पाठीवर घामोळ्या अशा — हात ठेवायला जागा नाही. आणि नाक इतकं नीट, सरळ — आमच्या ह्यांचं नाक आहे ते. — हो. माझीच आहे. माझ्या लेकीची आहे. काय लपवू तुमच्यापासून, दोन वर्षांपूर्वी तुमच्या या दुकानात उभं राहूनही लोक तेच बोलत असतील. आपल्यातला नव्हता मुलगा. कोर्टात लग्न केलं. ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं, आणि चार महिन्यांत हे गेले. कुंदन म्हणतो, तिनंच नेलं बाबांना. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही. मीही काढत नाही. बघा, एवढं बोलले तुमच्याशी, काढलं का नाव?

किती वाजले? एक वीस. दहा मिनिटं आहेत अजून.

तुम्हाला वाटत असेल, बाई मुलाला घाबरते. घाबरत नाही मी. ह्यांच्या दहाव्याला, दिवेलागणीला आली होती ती. फाटकापाशी उभी. आत पाहुणे बसलेले. कुंदन माझ्या कानात म्हणाला, आई, ओट्यावरचा दिवा बंद कर, म्हणजे समजेल तिला. तो नाही उठला, अनुजभाऊ. मी उठले. बटण मी दाबलं. अंधारात फाटकाची कडी तिनं हळूच लावून घेतली, वाजू नये अशी, ती मी ऐकली. आणि आत येऊन पाहुण्यांना चहा विचारला. — कोणालाच सांगितलं नव्हतं हे. तुम्हाला कशाला सांगते आहे मी? पंखा घ्यायला आले होते.

मग चार महिन्यांपूर्वी जावयाचा फोन आला दवाखान्यातून, नवलचा, की मुलगी झाली, आणि ती सारखी आईला बोलवते आहे. अनवाणीच रिक्षात बसले मी, चपला आठवल्या त्या स्टेशनापाशी. मला पाहून म्हणाली — उनी का व माय. आलीस का, एवढंच. दिवा का बंद केला, हे विचारलं नाही. अजून विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

असो. एक युक्ती आहे तशी. हाच पंखा लावायचा, आणि निघताना चालूच ठेवायचा. दिवाही लावायचा. कुंदन तिकडे ऑफिसात बघेल, म्हणेल, आई गार वाऱ्यात पडली आहे. सगळ्यांचंच समाधान. वारा लागेल ह्यांच्या रिकाम्या खुर्चीला, आणि तिकडे ती पोर पत्र्याखाली रडून रडून — म्हणजे — थांबा. मी पंखा कोणासाठी घेते आहे, अनुजभाऊ? खुर्चीसाठी?

तो रिमोटचा खोका ठेवा बाजूला. नको तो. हा काढा, कुंदननं सांगितलेला. हो, हाच. संपला-बिंपला काही सांगू नका त्याला. पत्त्यावर महाबळ लिहिलंय ना, आमच्या घरचं? खोडा. पिंप्राळा लिहा. पत्र्याच्या लोखंडी अँगलला लागतो ना हा? माणूस पाठवा नीट बांधणारा, खाली पोर झोपते. वायफाय? आहे, दुकानच मोबाइलचं आहे जावयाचं. आणि कुंदनच्या मोबाइलला जोडून द्या, अगदी त्यानं सांगितलं तसंच. दोनला सुरू झालेला दिसेल त्याला, पाचला बंद झालेला दिसेल. रागावेल. येईल पुण्याहून तणतणत. येऊ दे, भाचीचं नाक तरी बघेल एकदा.

वाजू द्या. हो, त्याचाच असणार, दीड झाला. वाजू द्या हो, पुन्हा करेल. आधी ते मघाचं काढा, खोलीचं नाव. ‘आईची खोली’ पुसा. पुसलं? आता लिहा — दिपमाला. काही मागंपुढं नको, एवढंच. दिपमाला.

दाखवा मला.

हं. उचला आता फोन.