गुंता मोजणारी ताई

"ताई, कुठलं क्रिप्टो घेतलं की माणूस श्रीमंत होतो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून धरणगावच्या एसटीत मोहिनीने शेजारच्या लॅपटॉपवालीला विचारलंच. मागच्या सीटवर खीखी सुरू झाली. दहावीची परीक्षा संपल्यापासून मोहिनी कुणाला घाबरत नव्हती. फक्त कॉमर्स घेऊन पप्पांच्या कापडदुकानात बसायचं, हे घरच्यांनी ठरवलेलं तिला टोचत होतं.

"भाव मला नाही कळत गं. मी गुंता मोजते."

"मनी पुतनी शे," पलीकडच्या सीटवरचे तिचे काका लोटननाना डोळे मिटूनच म्हणाले. "तिनं काम मालेबी समजत नही."

"नाना, क्रिप्टोच्या मागे प्रोग्राम असतो. त्यात दरवर्षी नवं जोडतात. मी जुन्या आवृत्तीपासून एकेक उघडून बघते, फाटे किती वाढले ते."

"जुनं कोनी काढत नही?"

"भितात. कशावर काय टेकलंय, कुणालाच ठाऊक नसतं."

"मंग केळीना बुडमा फुटनारा पीलसारखं! छाटं नही त बठ्ठी बाग जंगल."

"अगदी तसंच! पण कधीतरी गुंत्याचा आलेख एकदम खाली येतो. म्हणजे कुणीतरी आत शिरून जपून छाटलेलं असतं."

खिडकीबाहेर केळीच्या बागा झोपेत असल्यासारख्या सरकत होत्या. मोहिनीला त्यांच्यात कुणीतरी चालताना दिसलं.

"छाटणारं कोण, ते कळतं का ताई?"

"नाव असतं ना. परवाची ब्राझीलची एक मुलगी होती."

"धरणगावची चालते?"

"चालते की. शिकावं लागतं."

घरी चपला काढायच्या आतच ती म्हणाली, "आई, पप्पा, मी सायन्स घेणार. कॉम्प्युटर शिकणार. दुकानात चंदनदादाला बसवा, त्याला गोड बोलता येतं."