पाचपैकी पाच

जॉर्डनमधल्या इर्बिद शहराकडे जाणारी टॅक्सी भरल्याशिवाय हलणार नव्हती. वस्फिया पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मागे सर्व्हेवाल्या दोघी बोलत होत्या.

“रबाब, नवरा-बायकोत बोलणं कसं आहे, याला सगळ्या घरांत पाचपैकी पाच? असं कुठे असतं का गं?”

“बायका ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतात. मी पाच लिहिते.”

“अगं, ते तर मयताच्या घरीही म्हणतात!”

“मग देवाचे आभार मानणारीला दोन देऊ?”

“पुन्हा विचारायचं.”

“विचारलं, सुहैर. पुन्हा तेच. पाय मोडून आलेत माझे.”

“बरं, राहू दे. तुझा नवरा बोलायला लागला का घरात?”

“अल्हम्दुलिल्लाह.”

“...ये, टेक डोकं खांद्यावर. टॅक्सी भरायला वेळ आहे अजून.”