वीस मीटर खोलीची बाटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गोपाळकृष्ण सर, सत्कारमूर्ती डॉ. श्यामला परचुरे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी आणि कामाच्या दिवशी वेळ काढून आलेले सर्व श्रोते, नमस्कार.

मी सुदर्शन. मूळचा वर्ध्याचा, शिक्षण बारावीपर्यंत, तेही ओढूनताणून. पुण्यात सहा नोकऱ्या झाल्या, सध्या खराडीत एका कंपनीची बस चालवतो. २००२ ते २००५ मात्र मी मॅडमचा पाणक्या होतो. समुद्र नसलेल्या या शहरात समुद्राचं पाणी मी आणत असे. दर पंधरवड्याला कोकणातल्या बंदरावर जायचं, तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, होडीतून आठ मैल आत, आणि वरचं, दहा मीटरवरचं, वीस मीटरवरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरायचं. त्यातले सूक्ष्म जीव टिकावेत म्हणून आयोडीन टाकलं की ते चहासारखं दिसतं. एकदा एसटीतल्या कंडक्टरने विचारलं होतं, एवढा कोरा चहा कुणाकडे निघालाय? असो. मी भलतीकडेच चाललो.

चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या खिशातच राहू देत. कारण आत्ता अध्यक्षांनी जे सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, मॅडमच्या या पाण्याच्या अकरा वर्षांच्या आलेखात रेघ एकदाच तुटली, २००३च्या सप्टेंबरात. त्यावरच बोट ठेवून २००६ साली प्रकल्पाचा दुसरा टप्पा वरून नाकारला गेला, आणि मॅडमनी उत्तर दिलं, ‘नियोजनातली त्रुटी माझी.’ वर सर म्हणाले, बाईंनी गणपतीची सुट्टी जरा लांबवली असावी. सभागृह हसलं. मॅडमही हसल्या. समोरची पाण्याची बाटली मी एका दमात संपवली, आपण पाहिलंच असेल.

तो सप्टेंबर मी घालवला.

त्या पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. एक कोळीण सुरमईच्या एका पाटीसाठी व्यापाऱ्याला असा घाम फोडत होती की मी बघतच राहिलो. होडी गेली. मग मी धक्क्यावरच, खाडीच्या तोंडाशी, तिन्ही बाटल्या भरल्या आणि वर तीन वेगवेगळ्या खोलीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. म्हटलं, पाणी ते पाणी. कोण ओळखणार?

मॅडमनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, मग मलाही पाहायला लावलं. म्हणाल्या, “हे गोड्या पाण्यातलं शेवाळ आहे. आठ मैल आत, वीस मीटर खाली, नदी कधी गेली हो सुदर्शनराव?”

त्यांनी आवाज चढवला नाही. पावसाळ्यात वारा समुद्र घुसळतो, तळाचं गार, सकस पाणी वर येतं, नद्याही भर घालतात, तेव्हा काचेच्या कवचाचे डायटम नावाचे सूक्ष्म जीव माजतात. सप्टेंबरात वारा पडतो, वरचं पाणी तापून झाकणासारखं बसतं. कवचवाले बुडायला लागतात आणि शेपटीने पोहणारे जीव त्यांची जागा घेतात. माशांच्या तोंडचा घास बदलतो तो याच दिवसांत. हे सगळं त्या मला, बारावीवाल्याला, अर्धा तास समजावत होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघताना एवढंच म्हणाल्या, “होडी चुकली तर रिकाम्या बाटल्या आण. तीही नोंदच असते.”

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढची दोन वर्षं पगार घेतला, एकही खेप चुकवली नाही आणि स्वतःवर खूश होतो. माझ्या पाटीभर सुरमईची किंमत इथे कुणी मोजली, हे मला आज, या खुर्चीत बसल्यावर कळावं? एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी वर जाऊन कबूल केलं नसतं का, मॅडम? कदाचित नसतंही. म्हणूनच तुम्ही विचारलं नसेल.

सर, एक विनंती आहे. नोंदवहीतला त्या सप्टेंबरचा कोरा राहिलेला शेऱ्याचा रकाना, मॅडम निवृत्त होऊन किल्ल्या सोपवायच्या आधी, आजच भरावा. ‘सुदर्शनने होडी चुकवली व खोटे नमुने आणले.’ खाली सही मी करतो.

आपण मला बोलू दिलंत, मनापासून आभारी आहे. शब्दांत काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. सप्टेंबर तेवढा घालू नका, तो मॅडमनी इतकी वर्षं घातलाय.

आणि मॅडम, ही बाटली. रिकामी आहे. उशिरा आणली.