मजुरीचं भात

पौडच्या भातगिरणीत किशोरनं भिमाबाईच्या पोत्याचं तोंड सोडलं, तोच मागं कोंडा न्यायला उभ्या असलेल्या रंभाबाईनं मूठभर भात उचलून तळहातावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

“अगं बया! हा तर आमच्या माण गावच्या रानातला आंबेमोहर! तुला कुटं घावला?”

“तुमीच दिल्याला, मालकीण. तुमच्या कापणीला यायची मी, तवा मजुरी भातानंच देत व्हता न्हवं?”

“ते तर तवाच खाल्लं असशील.”

“निम्मं खाल्लं. निम्मं वर डोंगरात पेरलं. तवापास्नं दरसाल पेरतीय.”

“म्हंजी पोटाला चिमटा काढून जगवलंस व्हय ह्ये?”

“वास लई चांगला व्हता वो.”

किशोरनं बटणाकडं नेलेला हात मागं घेतला. गिरणी सुरू झाली की एक शब्द ऐकू येणार नव्हता.

“आमच्याकडं दाणा ऱ्हायला न्हाई, भिमे. रानात इमारती उठल्या. आता दुकानाचा तांदूळ खातोय.”

“बियाणं देऊ का थोडं?”

“नेऊन पेरू कुटं? गच्चीवर?”

“तेबी खरंच.”

“औंदा तुजी लावणी कवा हाय?”

“आखाडात. का वो?”

“मी येते लावायला.”

“तुमी? माज्या चिखलात?”

“व्हय. पण मजुरी पैशात न्हाई घ्यायची मी. भातानंच दे.”